स्मृतीची परीक्षा : लिनक्सच्या बूट मेनूत मेमटेस्ट

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचे मोल माजी विद्यार्थ्यांना आम्ही निराळे सांगावयास नको. कोणाला दुबार दाखला हवा असतो, कोणाला जन्मतारखेचा उतारा, तर कोणाला मुलीच्या जात पडताळणीच्या प्रकरणाला जोडण्यासाठी स्वतःच्या वा बहिणीच्या शाळेची नोंद. जून-जुलैत कार्यालयाच्या दारात ही मंडळी उभी असतात आणि कारकून जाड पुठ्ठ्याचे, कोपरे झिजलेले रजिस्टर त्यांच्यासमोर उलगडतो. त्यातील ‘धर्म व जात’ हा रकाना आपल्या समाजाचा लहानसा इतिहासच आहे. कोणापुढे ‘बौद्ध’, कोणापुढे ‘हिंदू महार’, काही ठिकाणी एक शब्द निळ्या शाईत आणि दुसरा काळ्या. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात या रकान्यात गुरुजींनी काय लिहिले, यावर पुढे कितीतरी घरांची धावपळ अवलंबून राहिली.

ही रजिस्टरे जीर्ण होत चालली, म्हणून त्यांची पाने स्कॅन करून जपावीत आणि नावांची सूची संगणकावर टंकून ठेवावी, असे आम्ही ठरविले. ‘आम्ही’ म्हणजे संगणक कक्षाचे काम पाहणारे तिघे : एक शिक्षक व दोन माजी विद्यार्थी. कक्षातील यंत्रे देणगीत आलेली, जुनी, पण धडधाकट. त्यांवर डेबियन ही लिनक्सची प्रणाली बसविलेली. या कामात आम्हाला एक अडचण आली. तिचा शोध घेता घेता आम्ही जे शिकलो, ते येथे पाठाच्या रूपाने मांडत आहोत. ज्यांच्या घरी, दुकानात किंवा संस्थेत जुना संगणक आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

अडचण अशी. स्कॅन केलेली पाने दुसऱ्या यंत्रावर नेऊन उघडली की दर चाळीस-पन्नास पानांमागे एखादे बिघडलेले निघे. पानाचा वरचा भाग स्वच्छ, आणि एका ओळीपासून खाली सर्व करडे, किंवा रंग सरकलेले. प्रती करण्याचे काम नववीतील एका निवासी विद्यार्थ्याकडे होते. पेनड्राइव्ह वेळेपूर्वी ओढून काढला की फायली बिघडतात, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून दोष त्याचाच असे आम्ही धरून चाललो. “सर, मी काढला नाही,” असे तो दोनदा म्हणाला. आम्ही त्याला पंधरा दिवस कक्षात येण्यास मनाई केली. त्या पंधरा दिवसांत प्रती आम्ही स्वतः केल्या, आणि पाने तशीच बिघडत राहिली.

मग कोठे आम्ही शोधाला लागलो. पेनड्राइव्ह बदलला, फरक नाही. हार्ड डिस्कची प्रकृती तपासली. एकही खराब सेक्टर नाही. अखेर एका माजी विद्यार्थ्याने सुचविले की, प्रत काढूच नये, मूळ फायलीचाच ठसा घ्यावा. लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ नावाची आज्ञा आहे. ती फायलीतील प्रत्येक अंश विचारात घेऊन चौसष्ट अक्षरी ठसा काढते. फायलीत एक बिंदू बदलला तरी ठसा पार निराळा येतो. सर्व पानांची एकत्रित फाईल ११ जीबीची होती आणि यंत्राची रॅम ४ जीबीची. फाईल रॅमहून लहान असती, तर लिनक्सने ती पहिल्या वाचनानंतर रॅममध्येच जपून ठेवली असती आणि चुकलेलेच उत्तर पुन्हा दिले असते. फाईल मोठी असल्याने प्रत्येक वेळी ती डिस्कवरून नव्याने वाचली जात होती. एकाच फाईलचा, तिला हात न लावता, आम्ही लागोपाठ तीन वेळा ठसा घेतला. तिन्ही ठसे वेगळे आले.

डिस्कवरील मजकूर बदलत नव्हता. वाचताना तो ज्या ठिकाणी क्षणभर ठेवला जातो, ते ठिकाण बदल करीत होते. ते ठिकाण म्हणजे रॅम, यंत्राची तात्पुरती स्मृती.

स्मृती कशी टिकते आणि कशी ढळते

आजच्या संगणकात जी रॅम असते, तिचे मूळ आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांच्या कल्पनेत आहे. त्यांना तिचे पेटंट १९६८ साली मिळाले. एक अंश, म्हणजे शून्य किंवा एक, साठविण्यासाठी एक सूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर, इतकीच ती रचना. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला की एक, नसला की शून्य. परंतु हा भार गळका असतो. म्हणून यंत्र प्रत्येक घर साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचते आणि पुन्हा भरते, म्हणजे सेकंदाला पंधराहून अधिक वेळा. पालीत ‘सति’ म्हणजे नुसती साठवण नव्हे, अखंड जागृत राहणे, हे आपण शिबिरांतून ऐकत आलो आहोत. रॅमचा हा स्वभाव कळला, तेव्हा तो शब्द आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. पुन्हापुन्हा आठवले नाही, तर ती खरोखरच विसरते.

४ जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे ३,४३६ कोटी घरे असतात. त्यांतील एक घर दुबळे असले, वेळेआधी रिते होत असले किंवा शेजारच्या घराच्या प्रभावाने उलटत असले, तर त्या घरात ठेवलेले अक्षर बदलते. १९७८ च्या सुमारास इंटेलमधील टिमथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिले की, चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी द्रव्याच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कणही असा पालट घडवू शकतात. असा दोष एकदा घडतो आणि पुन्हा सापडत नाही. तथापि गूगलच्या हजारो सर्व्हरांवर दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात सुमारे ८ टक्के पट्ट्यांमध्ये निदान एक चूक आढळली; आणि त्या चुकांत अशा योगायोगाच्या चुकांपेक्षा पट्टीतील कायम दोषांचा वाटा मोठा असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. सर्व्हरांतील रॅम चूक ओळखून दुरुस्त करणारी असते. आपल्या घरच्या व शाळेच्या साध्या यंत्रांत तशी सोय नसते. तेथे चूक घडते आणि कोणालाही कळत नाही.

एक अंश उलटल्याने काय होते, हे देवनागरीवरूनच पाहू. संगणक ‘ब’ आणि ‘म’ ही अक्षरे ज्या संकेतांनी ओळखतो, त्यांत केवळ एका अंशाचा फरक आहे. त्या जागचे शून्य एक झाले की ‘बौद्ध’चे ‘मौद्ध’ होते. अशी चूक निदान डोळ्यांना खटकते. पण ‘१’ आणि ‘९’ यांतही एकाच अंशाचे अंतर आहे. १९७१ चे १९७९ झाले, तर कोणाला खटकणार? वाचणारा ते साल खरे मानील, उतारा देणारा कारकून त्यावर सही करील, आणि त्या उताऱ्याच्या जोरावर नोकरी किंवा निवृत्तीवेतन मागणारा माणूस आठ वर्षांनी लहान ठरेल.

स्कॅन केलेल्या चित्रांत उलट घडते. त्यांतील माहिती दाबून बसविलेली असते आणि पुढचा भाग मागच्याच्या आधारे उलगडत जातो. त्यामुळे एक अंश चुकला की तेथून पुढे सगळेच विस्कटते. करडी पाने म्हणूनच लगेच दिसली. एका अर्थाने त्या पानांनी आम्हाला वाचविले. चित्रे बिघडली नसती, तर सूचीतील आकडे बदलत असल्याचा संशयही आम्हाला आला नसता. गणनपत्रकाची फाईल बिघडली तर ती उघडताना तक्रार करते, असे आम्हाला वाटत होते. आणि डिस्कवरील फाईल बिघडली असेल तर ते खरेही आहे. परंतु सूची उघडी असताना रॅममध्येच आकडा पालटला आणि मग आपण ती जतन केली, तर संगणक त्या चुकलेल्या आकड्यावरच नवी मोहोर उठवितो. त्यानंतर तक्रार करणारे कोणीच उरत नाही.

परीक्षा प्रणाली सुरू होण्यापूर्वी का

रॅम तपासावयाची, तर ती रिकामी हवी. लिनक्स एकदा सुरू झाले की, त्याचा गाभा स्वतःच रॅममध्ये ठाण मांडून बसतो. उघडलेले कार्यक्रमही जागा अडवितात. आतून चालणारी साधने जेवढी जागा मोकळी मिळेल तेवढीच तपासू शकतात, आणि दोष नेमका गाभा बसलेल्या जागी असेल तर त्यांना तो कधीच दिसत नाही. वसतिगृहातील खोल्यांचे छत गळते का, हे पाहताना मुले झोपलेल्या खोल्या वगळून चालत नाही, तसेच हे. म्हणून ही परीक्षा प्रणालीच्या आधी, यंत्र सुरू होताना जी यादी पडद्यावर येते त्या बूट मेनूतून घेतात. बहुतेक लिनक्स प्रणालींमध्ये हा मेनू ‘ग्रब’ हा कार्यक्रम दाखवितो.

परीक्षा घेणाऱ्या कार्यक्रमाचे नाव ‘मेमटेस्ट८६+’. मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रेडी यांनी १९९० च्या दशकात लिहिला. त्याचे काम रेंगाळले, तेव्हा २००४ मध्ये सॅम्युएल डेम्युलेमीस्टर यांनी तो पुढे नेला आणि नावापुढे अधिकचिन्ह लावले. मूळ नावाचा कार्यक्रम पुढे पासमार्क या कंपनीकडे गेला. अधिकचिन्हाचा मात्र मुक्त परवान्याखालीच राहिला. २०२२ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली. मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्ट या कामाच्या आधारे ती नव्याने बांधलेली आहे. जुनी पाचवी आवृत्ती बायोस पद्धतीच्या यंत्रांपुरतीच होती. नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्रावर ती चालत नसे. त्यामुळे “आमच्या मेनूत ही नोंद दिसतच नाही” ही तक्रार अनेकांची असे. सहाव्या आवृत्तीने ती अडचण दूर केली.

हा कार्यक्रम पेनड्राइव्हवरूनही चालविता येतो. आम्ही तो मेनूत कायमचा बसविण्याचा आग्रह का धरतो, याचे कारण साधे आहे. पेनड्राइव्ह हवा तेव्हा सापडत नाही. सापडला तर मधल्या काळात कोणीतरी त्यात स्नेहसंमेलनाची गाणी भरलेली असतात. संशय येतो तो नेहमी अवेळी. अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि दुसऱ्या ओळीवर बाण नेऊन एन्टर दाबावे, एवढेच काम उरले पाहिजे. मग गृहपालांनाही ते करता येते.

मेनूत नोंद कशी घालावी

येथे आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत लिहावयाच्या. रोमन लिपीतील तक्ता संगणक कक्षाच्या दाराशी चिकटविला आहे.

डेबियन १२ वर काम अगदी थोडे आहे. टर्मिनल उघडून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल मेमटेस्ट८६+’ ही आज्ञा द्यावी. कार्यक्रम ‘बूट’ या फोल्डरात जाऊन बसतो. त्याचबरोबर ‘ईटीसी’मधील ‘ग्रब.डी’ या फोल्डरात ‘२०_मेमटेस्ट८६+’ नावाची एक लहान फाईल येते. मेनूत कोणती ओळ घालावी, हे ती फाईल ग्रबला सांगते. त्यानंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. बसवितानाच हे काम बहुधा झालेले असते. तरी हाताने एकदा दिलेली बरी, कारण मेमटेस्टची फाईल सापडल्याची ओळ पडद्यावर दिसली की खात्री पटते.

येथे एक चूक आम्हीही केली होती. मेनूचा प्रत्यक्ष मजकूर ‘ग्रब.सीएफजी’ या फाईलमध्ये असतो, हे पाहून आम्ही तीच उघडून नोंद हाताने लिहिली. दोन आठवडे नोंद दिसली. मग गाभ्याची नवी आवृत्ती आली, ग्रबने ती फाईल नव्याने लिहिली आणि आमची नोंद पुसली गेली. ती फाईल ग्रबची आहे; तिच्यात आपण लिहू नये. स्वतःची नोंद घालावयाची असेल, तर तिची जागा ‘ग्रब.डी’मधील ‘४०_कस्टम’ या फाईलमध्ये, आधीच्या ओळींना धक्का न लावता त्यांच्या खाली.

स्वतःची नोंद घालण्याची वेळ येते ती जुन्या प्रणालीवर. आमच्या एका यंत्रावर उबुंटू २२.०४ आहे आणि तिच्या भांडारात अद्याप पाचवी आवृत्तीच आहे. तेथे आम्ही कार्यक्रमाच्या अधिकृत संकेतस्थळावरून सहाव्या आवृत्तीची चौसष्ट बिटी फाईल आणून ‘बूट’ फोल्डरात ठेवली आणि ‘४०_कस्टम’मध्ये तीन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत ‘मेनूएन्ट्री’ हा शब्द, अवतरणचिन्हांत आपल्याला हवे ते नाव आणि उघडणारा महिरपी कंस. दुसऱ्या ओळीत ‘लिनक्स’ हा शब्द आणि त्यापुढे फाईलचा पूर्ण मार्ग. तिसऱ्या ओळीत बंद करणारा कंस. नंतर पुन्हा ‘अपडेट-ग्रब’. ‘फाईल सापडत नाही’ असे ग्रब म्हणू लागला, तर ‘बूट’ फोल्डर डिस्कच्या वेगळ्या विभागात आहे का ते पाहावे. तसे असेल तर मार्गातील ‘बूट’ हा शब्द गाळावा लागतो, शिवाय तो विभाग कोणता हे ‘सर्च’ या शब्दाने ग्रबला सांगावे लागते. या एका गोष्टीवर आमची एक अख्खी दुपार गेली.

मेनूच दिसत नाही, ही आणखी एक अडचण. काही प्रणाली तो लपवून थेट पुढे जातात. तेव्हा ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाईल असते, तिच्यात ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल’पुढे ‘मेनू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट’पुढे १० लिहावे आणि ‘अपडेट-ग्रब’ करावे. दहा सेकंद मेनू थांबेल. मुले त्या दहा सेकंदांत भलतीच ओळ निवडतील, अशी शंका काही पालकांनी व्यक्त केली. निवडली तरी बिघडत नाही. मेमटेस्ट डिस्कला स्पर्श करीत नाही. तो रॅममध्येच लिहितो आणि वाचतो. एस्केप दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते. रात्री वीज गेली, तरी परीक्षा पहिल्यापासून घ्यावी लागण्यापलीकडे नुकसान नाही.

नव्या यंत्रांवर मात्र ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो आणि मान्यताप्राप्त सही नसलेल्या कार्यक्रमाला तो आत सोडत नाही. अशा वेळी परीक्षेपुरता तो यंत्राच्या सेटिंगमधून बंद करावा आणि परीक्षा झाल्यावर आठवणीने पुन्हा सुरू करावा.

परीक्षा आणि निकाल

परीक्षा सुरू झाली की निळ्या पडद्यावर आकडे फिरू लागतात. शून्य ते दहा अशा अकरा कसोट्या एकामागून एक होतात. त्या सर्व मिळून एक फेरा. पहिल्या काही कसोट्या पत्त्यांच्या असतात : प्रत्येक घराला त्याचाच पत्ता लिहून ठेवण्यास सांगावयाचे आणि मग फिरून विचारावयाचे, म्हणजे दोन पत्ते एकाच घराकडे जातात की काय ते कळते. त्यापुढच्या कसोट्यांतील युक्ती आम्ही मुलांना दिव्यांच्या रांगेवरून समजावितो. लांब व्हरांड्यात सर्व दिवे लावा. एका टोकाकडून निघा, प्रत्येक दिवा लागलेला आहे याची खात्री करा आणि तो मालवून पुढे जा. दुसऱ्या टोकाला पोहोचलात की उलट फिरा, प्रत्येक मालवलेला आहे याची खात्री करा आणि लावत परत या. शेजारचा दिवा मालवताना जो आपोआप मालवतो, किंवा मालवूनही धुगधुगत राहतो, तो असा सापडतो. नवव्या कसोटीत दर विसावे घर निराळे भरून बाकीच्यांत उलट नमुना लिहितात. प्रोसेसरजवळची कॅश मधे येऊन दोष झाकते, तो पडदा त्यामुळे दूर होतो. दहावी कसोटी लिहून ठेवते, काही मिनिटे काहीच करीत नाही, आणि मग लिहिलेले टिकले का ते पाहते. कार्यक्रम स्वतःही रॅममध्येच असतो; म्हणून आपण बसलेली जागा तपासण्यासाठी तो उठून दुसरीकडे जाऊन बसतो.

आमच्या त्या यंत्रावर पाचव्या कसोटीत पहिली लाल ओळ उमटली. त्या ओळीत घराचा पत्ता, अपेक्षित मजकूर आणि प्रत्यक्ष मिळालेला मजकूर असतो. पहाटेपर्यंत अशा बत्तीस ओळी झाल्या. पत्ते जवळजवळचे आणि उलटणारा अंश प्रत्येक वेळी तोच. एकही लाल ओळ चालवून घेऊ नये. “एवढ्या कोटींत बत्तीस म्हणजे काहीच नाही,” हे गणित येथे लागू नाही, कारण त्या घरांत पुढच्या वेळी कोणाचे नाव जाऊन बसेल हे आपल्या हाती नाही.

त्या सकाळी त्या विद्यार्थ्याला बोलावून आम्ही पडदा दाखविला. संध्याकाळी वंदनेनंतर सर्वांसमोर सांगितले की, दोष रॅममध्ये होता, त्याचा नव्हता, आणि आम्ही न तपासता त्याला शिक्षा केली. धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ हा शब्द आपण रोज उच्चारतो, त्याचा अर्थही मुलांना शिकवितो. पेनड्राइव्हच्या बाबतीत मात्र आम्ही येऊन पाहिले नव्हते. आता परीक्षांची वही तोच ठेवतो.

दोष सापडला म्हणून पट्टी लगेच फेकू नये. यंत्र बंद करून वायर काढावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासावेत, कण झटकावेत आणि पट्टी पुन्हा नीट दाबून बसवावी. बाजारातील कारागीर हेच करतात, आणि त्याला हसण्याचे कारण नाही. दमट हवेत संपर्क मळतो आणि पुष्कळ दोष एवढ्याने जातात. तरीही लाल ओळी आल्या, तर एकेक पट्टी एकटी ठेवून एकाच खाचेत तपासावी, मग तीच दुसऱ्या खाचेत. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टीचा. खाचेपाशीच राहिला तर मदरबोर्डाचा. आमच्या पट्टीचा दोष तिच्याबरोबर फिरला. ती आता कक्षातील फळ्यावर टाचलेली आहे.

ज्या लॅपटॉपमध्ये रॅम कायमची जडलेली असते, तेथे खराब घरे वगळून चालण्याचा मार्ग आहे. गाभ्याला ‘मेममॅप’ या सूचनेद्वारे ती जागा राखीव ठेवण्यास सांगता येते. त्या सूचनेत एक डॉलरचिन्ह असते आणि ग्रब ते वाटेत गिळून टाकतो. त्यामुळे त्याच्यापुढे उलट्या तिरक्या रेषा द्याव्या लागतात. आम्ही एका लॅपटॉपवर हे केले आहे. तो मुलांना टंकलेखनाच्या सरावासाठी दिला आहे. रजिस्टराच्या कामाला आम्ही तो वापरत नाही.

आणि परीक्षा निर्दोष पार पडली तर? एक फेरा पुरेसा मानू नये. रात्री लावून सकाळपर्यंत चालू द्यावी, आणि जमल्यास एकदा उन्हाळ्याच्या दुपारीही, कारण उष्णतेत भार लवकर गळतो. तरीही निर्दोष निकालाचा अर्थ इतकाच की या वेळी, या कसोट्यांना दोष दिसला नाही. म्हणून सत्राच्या आरंभी आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक यंत्राची परीक्षा आम्ही घेतो, आणि महत्त्वाच्या फायलींचे ठसे काढून त्यांची यादी कागदावर छापून ठेवतो.

रॅम बदलल्यानंतर आम्ही सर्व पाने नव्याने स्कॅन केली. सूची दोघांनी समोरासमोर बसून, एकाने मोठ्याने वाचून व दुसऱ्याने मूळ रजिस्टरावर बोट ठेवून, ताडली. तीत सहा ठिकाणी मुळाशी फरक आढळला. त्यांतील किती टंकताना झाले आणि किती रॅमने केले, हे सांगण्याचा मार्ग नाही. सहाही दुरुस्त केले आहेत. मूळ रजिस्टरे सुरक्षित आहेत आणि हस्तलिखित नोंद हीच अंतिम मानली जाते. परंतु त्या यंत्रावर काम चालू असताना काही माजी विद्यार्थ्यांना संगणकावरून छापलेले उतारे दिले गेले होते. ज्यांच्या उताऱ्यावर हस्तलिखित नोंदीची छायाप्रत नसून केवळ छापील मजकूर आहे, त्यांनी तो घेऊन एकदा कार्यालयात यावे. जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि धर्म-जातीचा रकाना त्यांच्यासमोर मूळ रजिस्टराशी ताडून दिला जाईल. त्यासाठी शुल्क नाही.